संगणक आणि मराठी : एका जोडअभ्यासाचा पाठ

संगणकशास्त्राचा अभ्यास म्हणजे केवळ यंत्राचा अभ्यास, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. घरातील मुलगा किंवा मुलगी 'कॉम्प्युटर'ला गेली की भाषा, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र या विषयांशी तिचा संबंध संपला असे पालक धरून चालतात. उलटपक्षी, कला शाखेतील विद्यार्थी संगणक हा आपला प्रांतच नव्हे असे मानून त्यापासून चार हात दूर राहतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० अन्वये विद्याशाखांमधील ही भिंत बरीच खाली आली आहे. मुख्य विषयासोबत दुसऱ्या शाखेतील एखादा विषय जोडविषय म्हणून घेण्याची मुभा पदवीच्या विद्यार्थ्यांना मिळाली आहे. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून विद्यापीठ विभाग व स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत हा आकृतिबंध अमलात आला.

मुभा मिळाली म्हणजे मार्ग सापडला, असे मात्र नव्हे. संगणकाबरोबर दुसरा विषय घ्यावा तो कोणता, तो घेतल्याने काय साधते, त्याची किंमत कोणती मोजावी लागते, हे प्रश्न आज हजारो घरांत विचारले जात आहेत. मुख्य विषय संगणकशास्त्र आणि जोडविषय मराठी अशी निवड केलेल्या एका विद्यार्थिनीच्या अनुभवाच्या आधाराने या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संगणकशास्त्राचा मूळ पिंड

प्रथम थोडे इतिहासाकडे पाहू. संगणकशास्त्र हा विषय जन्मतःच अनेक विषयांचा संगम आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफरॅक' हा भारतीय बनावटीचा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्या वेळी संगणकशास्त्राची पदवी घेऊन आलेला मनुष्य देशात मिळणेच शक्य नव्हते. भौतिकशास्त्र, गणित आणि विद्युत अभियांत्रिकी शिकलेल्या मंडळींनी तो उभा केला. या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. आर. नरसिंहन यांनी गणितात डॉक्टरेट मिळविली होती. मनुष्य भाषा कशी वापरतो याचाही विचार त्यांनी पुढे केला आणि त्या विषयावर ग्रंथ लिहिला.

परदेशातील दोन उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. हर्बर्ट सायमन यांचे शिक्षण राज्यशास्त्राचे. कार्यालयात बसलेला माणूस निर्णय कसे घेतो, या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली आणि यंत्राला तर्क करायला लावणारी आज्ञावली सहकाऱ्यांच्या मदतीने १९५६ मध्ये सिद्ध केली. त्यांना १९७५ मध्ये संगणकशास्त्रातील ट्यूरिंग पुरस्कार आणि १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे उदाहरण इटलीतील धर्मोपदेशक फादर रोबेर्तो बुसा यांचे. तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांच्या समग्र लॅटिन लेखनातील प्रत्येक शब्दाची सूची करावी, हा त्यांचा ध्यास होता. एक कोटीहून अधिक शब्दांची सूची हाताने करणे अशक्य होते. म्हणून १९४९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क गाठून आय.बी.एम. कंपनीच्या प्रमुखांची भेट घेतली. छिद्रपत्रांच्या साहाय्याने सुरू झालेले हे काम तीन दशके चालले आणि १९८० च्या सुमारास ५६ खंडांच्या रूपाने पूर्ण झाले. लॅटिन शब्दाची रूपे विभक्तीनुसार बदलतात. ती सर्व रूपे एका मूळ शब्दाखाली कशी आणावीत, ही बुसा यांची मुख्य अडचण होती. मराठी वाचकाला ही अडचण ओळखीची वाटेल.

आपल्या लिपीबाबतही हेच घडले. विंडोज प्रणालीबरोबर घरोघरी पोचलेला 'मंगल' हा देवनागरी टंक र. कृ. जोशी यांनी घडविला. ते कवी आणि सुलेखनकार होते. बोरू आणि कुंचला हाताळताना अक्षराच्या वळणाचे जे ज्ञान त्यांनी मिळविले, तेच पडद्यावरील अक्षराला उपयोगी पडले.

अभ्यासक्रमाचा आकृतिबंध

नव्या रचनेत शिक्षणाचे मोजमाप श्रेयांकांनी होते. वर्गातील व्याख्यानांसाठी साधारणपणे १५ तासांना एक श्रेयांक आणि प्रात्यक्षिकासाठी ३० तासांना एक श्रेयांक, असा हिशेब आहे. एका सत्रात २० ते २२ श्रेयांक मिळवायचे असतात. ते मुख्य विषय, जोडविषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली अशा गटांत विभागलेले असतात. मिळविलेले श्रेयांक २०२१ पासून सुरू झालेल्या श्रेयांक पेढीत विद्यार्थ्याच्या नावे जमा राहतात. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर सन्मान पदवी, असे थांबे त्यात आहेत.

पंधरा आठवड्यांच्या सत्रात २२ श्रेयांकांपैकी १६ व्याख्यानांचे आणि ६ प्रात्यक्षिकांचे असतील, तर आठवड्याला १६ तास व्याख्याने आणि १२ तास प्रयोगशाळा, म्हणजे एकूण २८ तास महाविद्यालयात जातात. घरचा अभ्यास याखेरीज. जोडविषयाची निवड करताना हा हिशेब विद्यार्थ्याने कागदावर मांडून पाहणे अगत्याचे आहे.

निवड आणि विरोध

आता आपल्या विद्यार्थिनीकडे वळू. ती मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावची. वडील शिवणकाम करतात, आई अंगणवाडी सेविका आहे. बारावीला विज्ञान शाखेत तिला बरे गुण मिळाले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बी.एस्सी. संगणकशास्त्राला प्रवेश मिळाला. जोडविषयाच्या अर्जात तिने मराठी लिहिले, त्या दिवसापासून घरी चर्चा सुरू झाली. "मराठी तर आपल्याला येतेच, ती शिकायला फी कशाला भरायची?" हा वडिलांचा प्रश्न. "मुलाखतीत हे विचारतील तेव्हा काय सांगशील, ताई?" हा धाकट्या भावाचा. वर्गातील बहुतेकांनी संख्याशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स निवडले होते.

हा विरोध अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. शिवणयंत्रावर मिळणाऱ्या पैशांतून फी, खोलीभाडे आणि खाणावळ यांचा खर्च भागवायचा असतो. मुलीच्या शिक्षणातून चार पैसे घरात येतील, ही अपेक्षा गैर नाही. तिने वडिलांना इतकेच सांगितले, की दोन सत्रे करून पाहते. निभले नाही तर अण्णा, तुम्ही म्हणाल तसे करीन. माहिती खात्याच्या कामानिमित्त त्या जिल्ह्यात गेलो असता तिच्याशी आणि तिच्या प्राध्यापकांशी बोलण्याचा योग आला, तेव्हा ती तिसऱ्या वर्षात होती. तिने सांगितलेली हकीकत पुढे दिली आहे. तांत्रिक भाग वाचकांच्या सोयीसाठी अधिक विस्ताराने मांडला आहे.

यंत्राच्या लेखी अक्षर

पहिल्या वर्षी तिला शिकविले गेले, की संगणक अक्षर ओळखत नाही. तो केवळ आकडे ओळखतो. जगातील लिप्यांना क्रमांक देणाऱ्या 'युनिकोड' या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीसाठी १२८ जागा राखलेल्या आहेत. त्यात 'क' चा क्रमांक २३२५, 'ल' चा २३५४, 'ळ' चा २३५५ आणि 'व' चा २३५७ आहे. शब्दांची यादी लावायला सांगितली, की अजाण आज्ञावली या क्रमांकांप्रमाणे ती लावते.

येथेच मराठीच्या तासाचा उपयोग झाला. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह' नंतर येतो, हे प्राथमिक शाळेतील मुलालाही ठाऊक असते. यंत्राच्या यादीत मात्र 'कल', 'कळ', 'कवच', 'कस' असा क्रम लागला. मराठी वर्णक्रमाने तो 'कल', 'कवच', 'कस', 'कळ' असा हवा. वर्गातील कोणाला हे खटकले नाही, कारण यादी लागली, आज्ञावली चालली, गुण मिळाले. तिला मात्र ते खटकले. क्रमांक देणाऱ्यांनी सर्व भारतीय लिप्यांचा समान आराखडा डोळ्यांसमोर ठेवला होता. मराठीचा वर्णक्रम पाळायचा तर त्याचा नियम आज्ञावलीला वेगळा सांगावा लागतो, हे तिला त्यातून उमगले.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधील खोल जागा. 'आचार्यांना' नमस्कार करतात, 'आचाऱ्यांना' स्वयंपाकाचे सांगतात. हा भेद मराठी माणूस उच्चारात आणि लेखनात सहज पाळतो. यंत्राच्या लेखी 'दर्या' आणि 'दऱ्या' या दोन्ही शब्दांत पाच-पाच क्रमांक आहेत आणि फरक आहे तो एकाच ठिकाणी : पहिल्यात २३५२ आणि दुसऱ्यात २३५३. इथवर ठीक होते. परंतु 'दऱ्या' हाच शब्द दुसऱ्या रीतीनेही लिहिता येतो. साध्या 'र' ला हलन्त लावून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवले, तरी पडद्यावर हुबेहूब तेच अक्षर उमटते. माणसाला दोन्ही शब्द एकच दिसतात. यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला, तर 'आढळत नाही' असे उत्तर येते.

विहीर आणि शरीर

दुसऱ्या वर्षी व्याकरणाच्या अभ्यासात सामान्यरूप आले. विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी शब्दाचे रूप बदलते, हा नियम आपण शाळेत पाठ करतो आणि विसरतो. 'घोडा' पासून 'घोड्याला', 'पाऊस' पासून 'पावसात', 'देऊळ' पासून 'देवळात', 'कापूस' पासून 'कापसाचा'. संगणकावर 'पाऊस' हा शब्द शोधणाऱ्याला 'पावसात', 'पावसाने', 'पावसाळ्यापूर्वी' हे शब्द असलेली पाने सापडत नाहीत, कारण यंत्राला हे नाते माहीत नसते.

तिने आणि तिच्या एका मैत्रिणीने हे नाते यंत्राला शिकविण्याचा प्रयत्न केला. पहिला नियम सोपा केला : शब्दाच्या शेवटी '-ात' आला तर तो काढावा. 'घरात' मधून 'घर' मिळाले, 'गावात' मधून 'गाव' मिळाले. त्याच नियमाने 'वरात' चा 'वर' झाला आणि 'गुजरात' चा 'गुजर' झाला. '-ला' काढण्याच्या नियमाने 'तबला' या शब्दाचा 'तब' राहिला. यावरून पहिला धडा मिळाला : नियम लावण्यापूर्वी शब्द कोशात आहे काय ते पाहावे, आणि तो तेथे नसेल तरच प्रत्यय काढावा. नियम कोणते, इतक्यावर भागत नाही. ते कोणत्या क्रमाने लावायचे हेही ठरवावे लागते. पाणिनीच्या व्याकरणात सूत्रांच्या क्रमाला इतके महत्त्व का आहे, हे वर्गात ऐकले होते. त्याचा अर्थ तिला प्रयोगशाळेत कळला.

दुसरी अडचण अधिक शिकवणारी होती. 'विहीर' या शब्दातील दीर्घ 'ही' सामान्यरूपात ऱ्हस्व होतो आणि 'विहिरीत' असे रूप मिळते. 'फूल' चे 'फुलाला' होते. मग 'शरीर' चे 'शरिरात' का होत नाही? आपण 'शरीरात' असेच लिहितो. उत्तर व्याकरणात आहे : 'शरीर' हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला तत्सम शब्द आहे आणि तत्सम शब्दांना हा नियम लागू नाही. म्हणजे शब्दाचे रूप ओळखण्यासाठी शब्द कोठून आला हे यंत्राला सांगावे लागते. ही माहिती केवळ अक्षरे पाहून मिळत नाही. ती कोशकारांच्या आणि वैयाकरणांच्या श्रमातून मिळते. तिने शब्दांच्या यादीत 'तत्सम' असा एक रकाना वाढविला. तो रकाना भरण्यासाठी तिला महिनाभर कोश चाळावे लागले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ मध्ये आणि सुधारून १८५७ मध्ये निघाला. तो आता संगणकावर पाहता येतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या श्रमांचा उपयोग एका विद्यार्थिनीच्या आज्ञावलीला झाला.

ग्रंथालयातील यादी

तिसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी विषय निवडण्याची वेळ आली. तिच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्या सुमारास पुस्तकांची पडताळणी चालू होती. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ नंतर राज्यात गावोगावी जी ग्रंथालये मान्यता आणि अनुदान मिळवून उभी राहिली, त्यांपैकीच हे एक. जुन्या दाखल नोंदवहीतील नावे एका स्वयंसेवकाने संगणकावर चढविली होती. कपाटांतील पुस्तके पाहून दुसरी यादी दोन मुलांनी तयार केली होती. दोन्ही याद्या जुळवून जी पुस्तके जुळणार नाहीत, ती 'गहाळ' समजून नोंदींतून वगळायची, असा विचार होता.

याद्या जुळविल्या, तेव्हा न जुळणाऱ्या पुस्तकांची संख्या पाहून ग्रंथपाल अस्वस्थ झाले. त्यांनी स्वतः वाचकांना दिलेली पुस्तकेही त्यात होती. ही पुस्तके नोंदींतून गेली असती, तर कपाटात असूनही ती कागदोपत्री नाहीशी झाली असती, आणि पुढे रद्दीत जाण्यास वेळ लागला नसता. जुन्या, पुन्हा न छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांच्या बाबतीत ही हानी भरून निघत नाही.

दोष कोठे होता, हे शोधण्याचे काम तिने प्रकल्प म्हणून घेतले. काही कारणे तांत्रिक निघाली : एकाने 'ऱ्य' एका रीतीने लिहिला होता, दुसऱ्याने दुसऱ्या. काही ठिकाणी दोन शब्दांत एकाऐवजी दोन मोकळ्या जागा होत्या. परंतु मोठे कारण शुद्धलेखनाचे होते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. त्याआधीच्या पुस्तकांवर 'नांव', 'गांव', 'कांहीं', 'पांच' असे अनुच्चारित अनुस्वार छापलेले आहेत. नोंदवहीत जुन्या ग्रंथपालांनी पुस्तकावर होते तसे उतरविले होते. आजच्या मुलांनी कपाटासमोर बसून 'नाव', 'गाव', 'काही', 'पाच' असे लिहिले होते. दोघेही आपापल्या काळानुसार बरोबर होते. यंत्राला ही पुस्तके वेगळी वाटली.

असे अनुस्वार काढून टाकावेत आणि मग तुलना करावी, हा उपाय कोणत्याही आज्ञावलीकाराला प्रथम सुचेल. पण जुन्या लेखनात 'नांव' म्हणजे एखाद्याचे नाव आणि 'नाव' म्हणजे होडी. 'पांच' म्हणजे संख्या आणि 'पाच' म्हणजे रत्न. अनुस्वार सरसकट काढले, तर दोन निराळी पुस्तके एक ठरण्याचा धोका होता. शिवाय 'अंक' आणि 'संत' यांतील अनुस्वार उच्चारित आहेत. ते काढले तर शब्दच मोडतो. म्हणून तिने वेगळी पद्धत योजली. प्रथम शीर्षक, लेखक आणि प्रकाशनाचे वर्ष हे तिन्ही पाहायचे. तिन्ही पूर्णपणे जुळले तर पुस्तक सापडले. केवळ अनुस्वाराचा किंवा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक असेल, तर आज्ञावलीने स्वतः निर्णय घ्यायचा नाही. दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी ठेवून ग्रंथपालांना विचारायचे. काहीच जुळले नाही, तरच पुस्तक 'शोधावे' अशा यादीत टाकायचे. त्या यादीचे शीर्षक तिने 'गहाळ' असे ठेवले नाही, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे.

काही आठवडे सायंकाळी बसून ग्रंथपालांनी त्या जोड्या तपासल्या. न जुळणारी यादी बरीच लहान झाली आणि नोंदी वगळण्याचा विचार पुढे ढकलला गेला. प्रकल्पाचे फलित म्हणून याहून मोठी गोष्ट सांगता येणार नाही. पण ग्रंथालयातील जी पुस्तके नोंदींत राहिली, त्यांचे मोल वाचकांनीच ठरवावे. मुलीने काय केले हे पाहण्यासाठी तिचे वडील एका सायंकाळी ग्रंथालयात आले होते. जोडविषय बदलण्याची गोष्ट त्यानंतर घरात निघाली नाही.

दोन डगरींवर पाय

या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुसऱ्या वर्षी मराठीच्या निबंधाची मुदत आणि संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षा एकाच आठवड्यात आली, आणि विदारचना या विषयात तिचे गुण घसरले. दोन्ही विभागांच्या वेळापत्रकांचा मेळ नसल्याने तासांची टक्कर होते. संगणकाच्या वर्गातील मुले गटाने अभ्यास करतात; मराठीच्या तासाला गेलेला विद्यार्थी त्या गटातून गळतो. मराठीच्या वर्गात तीच 'सायन्सची मुलगी' ठरते. हा एकटेपणा लहान वाटला तरी अनेक विद्यार्थी त्यामुळेच जोडविषय बदलतात.

दोन विषयांच्या शिस्तीही निराळ्या आहेत. संगणकाच्या प्रयोगात उत्तर आले की नाही, हे क्षणात समजते. वाङ्मयाच्या अभ्यासात एका कवितेचे दोन अर्थ शेजारी नांदू शकतात, आणि घाईने एक निवडणे हीच चूक ठरते. तिच्या म्हणण्याप्रमाणे, पहिले वर्षभर तिला मराठीच्या उत्तरपत्रिका मुद्द्यांच्या यादीसारख्या लिहिण्याची सवय सोडता आली नाही. हळूहळू मात्र एका विषयाची सवय दुसऱ्यात उपयोगी पडू लागली : पुरावा देऊन विधान करणे मराठीत, आणि शंकेला जागा ठेवणे संगणकात.

नोकरीचा प्रश्नही शिल्लक आहेच. केवळ मराठी जोडविषय आहे म्हणून कोणी नेमणूक देणार नाही. मुख्य विषयातील पाया कच्चा असेल तर जोडविषय त्याला तारू शकत नाही. चौथे वर्ष करावे की तीन वर्षांनी पदवी घेऊन काम पाहावे, याचा निर्णय तिने भेटीच्या वेळी घेतला नव्हता, आणि तो घरच्या परिस्थितीवर अवलंबून राहील, असे तिने मोकळेपणाने सांगितले.

आजची निकड

असे असले तरी या जोडीची गरज वाढत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषकांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. भारतीय भाषांत संगणकीय सेवा मिळाव्यात यासाठी 'भाषिणी' हा उपक्रम २०२२ पासून सुरू आहे. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने १९८८ पासून भारतीय लिप्यांसाठी जे कार्य केले, त्यामुळे देवनागरी पडद्यावर आली. आता मराठीचे व्याकरण आणि अर्थ यंत्राला समजावून देण्याचा टप्पा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अस्खलित वाटणारी मराठी लिहू लागली आहेत. ती बरोबर आहे की केवळ अस्खलित आहे, याचा निवाडा भाषा जाणणाराच करू शकतो. आणि चूक कोठून आली हे संगणक जाणणाराच शोधू शकतो. या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या ठायी असतील तर काम सोपे होते.

मराठी हे येथे केवळ एक उदाहरण. भूगोल आणि संगणक यांच्या जोडीतून उपग्रहचित्रांच्या आधारे पाणलोट क्षेत्राचे व पिकांचे नकाशे तयार होतात. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र याच क्षेत्रात काम करते. जीवशास्त्राबरोबर जनुकांच्या माहितीचा, अर्थशास्त्राबरोबर बाजारभावांचा, इतिहासाबरोबर मोडी कागदपत्रांच्या सूचीचा अभ्यास करता येतो. प्रत्येक तालुक्यात असे प्रश्न पडून आहेत.

विद्यार्थ्यांसाठी काही सूचना

या अनुभवावरून विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात.

एक, जोडविषय सोपा म्हणून निवडू नये. ज्यात आपल्याला प्रश्न पडतात तो निवडावा. प्रश्न नसतील तर संगणकाने सोडवायचे काय?

दोन, मुख्य विषयाचा पाया सांभाळावा. तर्कशास्त्र, संच, संभाव्यता आणि संख्याशास्त्र यांची प्राथमिक तयारी कोणत्याही जोडीला लागतेच. पहिल्या दोन सत्रांत ती पक्की करावी.

तीन, प्रवेशापूर्वी दोन्ही विभागांची वेळापत्रके आणि परीक्षांच्या तारखा पाहाव्यात. तास जुळत नसतील तर 'स्वयं' या शासकीय व्यासपीठावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक चालतील काय, याची महाविद्यालयात लेखी चौकशी करावी.

चार, दोन्ही विभागांतील एकेका प्राध्यापकाला आपल्या कामाची कल्पना देऊन ठेवावी. प्रकल्पाला दोघांचे मार्गदर्शन मिळाले तर कामाचा दर्जा वाढतो.

पाच, एक वही ठेवावी. यंत्राने चुकीचे उत्तर दिले तो शब्द, तो नकाशा, तो आकडा आणि चुकीचे कारण त्यात लिहावे. वर्षअखेरीस प्रकल्पाचा विषय त्या वहीतच सापडतो.

सहा, प्रकल्प आपल्या गावातला घ्यावा. ग्रंथालय, पतसंस्था, बाजार समिती, शाळा, पाणीवापर संस्था यांच्याकडे अशी कामे असतात, आणि आपले उत्तर बरोबर आहे की नाही हे सांगणारी माणसेही तेथेच भेटतात.

सात, जेथे यंत्राला शंका असेल तेथे निर्णय माणसाकडे ठेवावा. शंका आहे हे यंत्राने सांगावे, अशी आज्ञावली लिहिणे हेही कौशल्यच आहे.

पालकांनी एवढेच करावे, की मुलांनी निवडलेल्या जोडविषयाचे कारण त्यांना विचारावे आणि ते ऐकून घ्यावे. कारण पटण्याजोगे असेल, तर दोन सत्रांची संधी द्यावी. त्या संधीचे सोने करणे हे मग विद्यार्थ्यांच्या हाती आहे.